चर्चामंडळात सगळे गप्प का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील चर्चामंडळात आरक्षणाचा विषय निघाला की तिघेचौघेच बोलतात आणि बाकीचे मान खाली घालून बसतात. काय करावे? – एक विद्यार्थिनी, कऱ्हाड (जि. सातारा)

उत्तर : गप्प बसणाऱ्यांना मत नसते असे नाही, उद्या वसतिगृहात त्याच मुलांसमोर ताट घेऊन बसायचे असते, म्हणून ते जपून असतात. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे बोललेले कोणाच्या अंगाला चिकटत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाच मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडावे आणि मगच त्याचे खंडन करावे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची आपली जुनी शिस्तही पाळा. तुमच्या शेजारच्या टेंभूचे आगरकर टिळकांशी मतभेद झाल्यावर ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि वाद छापील पानांवर, उघडपणे चालला. अध्यक्षपद मात्र प्राध्यापकांकडे देऊ नका; अंतर्गत गुण त्यांच्याच हाती असतात.