वाकडचा फ्लॅट, नागपूरच्या मालकीणबाई आणि नोटरीचा करार

प्रश्न : मी नागपूरला नोकरी करते. भाड्याचं उत्पन्न होईल म्हणून पुण्यात वाकडला पहिलाच फ्लॅट घेतला. एजंटने 500 रुपयांच्या स्टॅम्पवर 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची परवानगी) नोटरी करून दिला. मुदत संपली तरी राहणारा जागा सोडत नाही, दोन महिने पैसेही नाहीत. भाऊ म्हणतो, जाऊन कुलूप बदलू. बदलावं का?

उत्तर : भावाला आधी थांबवा. बळजबरीने बाहेर काढलेला माणूस स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हे बघितलंच जात नाही. पाणी-वीज तोडायचा विचारही नको.

खरं दुखणं करारात आहे : तो नुसता नोटरी केलाय, निबंधक कार्यालयात नोंदवलेला नाही. 11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज एजंट मंडळींनी घरोघरी पोहोचवला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 सांगतं : करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. एजंटची नव्हे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर. उद्या तो म्हणेल, मी लायसन्सी (नुसती वापराची परवानगी असलेला) नाही, भाडेकरू आहे. शिवाय 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही मालकालाच.

करार नोंदलेला असता तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) सरळ अर्ज करता आला असता. मुदतीनंतरच्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने. आता पुरावा जमवा : मूळ करार, बँकेतल्या जमा नोंदी, एजंटशी झालेलं व्हॉट्सॲप. मग वकिलामार्फत नोटीस. मधल्या काळात त्याने पैसे पाठवले तर 'हक्क राखून, वापराची भरपाई म्हणून स्वीकारले' असं लगेच लेखी कळवा. अनामतीतून थकबाकी वळती करून तो ठरल्या तारखेला निघायला तयार असेल, तर मी तरी एखाद्या महिन्याच्या भाड्यावर पाणी सोडेन. कोर्टाच्या तारखांसाठी नागपूर-पुणे वाऱ्या त्याहून महाग पडतात. मात्र तडजोड लेखीच हवी.

पुढचा करार ऑनलाइन नोंदवा. आधारवर अंगठा तुम्ही नागपुरात द्या, नवा राहणारा वाकडला देईल. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण रकमेच्या 0.25 टक्के, नोंदणी फी 1000 रुपये. भावाला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) द्यायचंच तर भाड्याच्या आणि सोसायटीच्या कामापुरतं द्या; विक्रीचा अधिकार त्यात घालू नका.