वाचकांचे प्रश्न : अपडेटनंतर व्हिडिओ अडखळतो, दोष कोणाचा?

प्रश्न : मी पक्ष्यांचं चित्रीकरण करते. माझा कॅमेरा फोर-के एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत) फायली देतो आणि त्या लिनक्सवर छान चालायच्या. अलीकडे डिस्ट्रोची (लिनक्सच्या तयार संचाची) नवी आवृत्ती टाकली. आता तीच फाइल लावली की पंखा घोंघावतो, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि उडणारा पक्षी झटके खात पुढे सरकतो. प्लेयर बदलले, फरक नाही. याच संगणकावरच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल सुरळीत चालते. ओपन सोर्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं, खुल्या कोडचं सॉफ्टवेअर) बिघडलाय का? नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ का?

उत्तर : कार्ड घेऊ नका. दुसऱ्या सिस्टिमवर फाइल चालते, म्हणजे तुमच्या चिपमध्ये एचईव्हीसी उलगडणारं सर्किट आहे आणि ते शाबूत आहे. लिनक्सवर त्या सर्किटपर्यंत काम पोचतच नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ते कुठे अडतंय एवढंच शोधायचं आहे.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘व्हीएइन्फो’ (vainfo) ही आज्ञा चालवा. ग्राफिक्स ड्रायव्हर कोणकोणते व्हिडिओ प्रकार हाताळायला तयार आहे, त्याची यादी येईल. त्यात एचईव्हीसी मेन आणि मेन १० (८-बिट आणि १०-बिट रंगांचे प्रकार) या ओळी शोधा. ओळीच्या शेवटी ‘व्हीएलडी’ असेल तर डिकोडिंगची, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याची, सोय आहे. नुसतं ‘एन्कस्लाइस’ असेल तर ती सोय फक्त एन्कोडिंगची, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची. माझा अंदाज असा की तुमच्या यादीत एचईव्हीसी मुळी नसेलच.

असं होण्याचं कारण तांत्रिक नाही. एचईव्हीसी हे मानक २०१३ साली आलं. त्यावरची पेटंटं अनेक मालकांत विखुरलेली आहेत, परवाना देणारे गट एकाहून जास्त आहेत आणि काही मालक कुठल्याच गटात नाहीत. चिपमध्ये सर्किट आहे म्हणून ते वापरणारं सॉफ्टवेअर फुकट वाटणाऱ्यालाही परवाना मिळाला, असं गृहीत धरता येत नाही. हाच धोका ओळखून फेडोरा या डिस्ट्रोने २०२२ मध्ये आपल्या मेसा पॅकेजमधून एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीसी-१ या व्हिडिओ प्रकारांचं हार्डवेअर डिकोडिंग काढून टाकलं. मेसा म्हणजे ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हरांचा मोठा संच. त्या प्रकल्पात हा कोड होता, आजही आहे. पॅकेज बांधताना तो बंद ठेवला गेला. लोकांनी मात्र ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना बोल लावले, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांनी आपलं काम पुरं केलं होतं.

उपाय सोपा आहे. तुमची डिस्ट्रो फेडोरा असेल तर आरपीएम फ्यूजन हे वेगळं भांडार जोडा आणि तिथलं ‘फ्रीवर्ल्ड’ नावाचं मेसाचं व्हिडिओ पॅकेज मूळ पॅकेजच्या जागी बसवा. इतर डिस्ट्रोंमध्येही बहुधा असं समांतर भांडार असतं. कोडेकची (व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरची) गाठोडी तिथेच मिळतात. मग व्हीएइन्फो पुन्हा चालवा.

यादीत ओळ दिसली तरी प्लेयर ती सोय वापरतोय याची खात्री करा. एमपीव्ही हा माझा आवडता प्लेयर, पण तो आपणहून हार्डवेअरकडे जात नाही. फाइल चालू असताना कंट्रोल आणि एच दाबा, मग नुसतं आय दाबा. पडद्यावर माहिती उमटेल. व्हिडिओच्या ओळीत ‘एचडब्ल्यू’ दिसलं की काम योग्य ठिकाणी गेलं. पंखाही सांगेलच.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाने ती बघावी. काही नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ प्रकारात, म्हणजे रंगांच्या जास्त छटा आणि जास्त तपशील ठेवून, रेकॉर्ड करतात. रंगांवर काम करायला तो उत्तम, पण पुष्कळ ग्राफिक्स चिप्समध्ये ४:२:२ उलगडणारं सर्किटच नसतं. एच.२६४ च्या १०-बिट फायलींचंही तसंच. तिथे कुठलाही ड्रायव्हर, बंदिस्त असो की खुला, काही करू शकत नाही. फायलीचं नाव एमपी४ आहे की एमकेव्ही, यावरून यातलं काहीच कळत नाही, कारण ती नुसती वेष्टनं आहेत. कॅमेऱ्याच्या मेनूत ४:२:० चा (रंगांचा तपशील कमी ठेवणारा) पर्याय असेल तर रोजच्या चित्रीकरणाला तो पुरतो. नसेल तर संपादनासाठी हलक्या प्रॉक्सी फायली (कमी दर्जाच्या प्रती) बनवा आणि मूळ फायली जपून ठेवा.

प्रश्न : दर थोड्या दिवसांनी नवं कर्नल (लिनक्सचा गाभा) येतं आणि माझ्या एनव्हिडिया कार्डाचा बंदिस्त ड्रायव्हर चढत नाही. पडद्यावर सगळं अवाढव्य दिसतं, व्हिडिओ फाटतो. नूव्हो हा ओपन सोर्स ड्रायव्हर वापरला तर पडदा ठीक येतो, पण सगळं संथ. कर्नलवाले मुद्दाम असं करतात का? आणि नूव्हो इतका कच्चा का?

उत्तर : आधी तातडीचं. संगणक सुरू होताना बूटच्या मेनूत जुनं कर्नल निवडा, काम चालू राहील. मग दोन गोष्टी तपासा. नव्या कर्नलच्या ‘हेडर्स’चं (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फायलींचं) पॅकेज आलंय का? ते नसेल तर डीकेएमएस हे ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारं साधन नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधू शकत नाही. आणि सिक्युअर बूट (विश्वासाचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे का? असेल तर डिजिटल स्वाक्षरी नसलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा भाग) कर्नल चढवून घेत नाही, मग ते कितीही नीट बांधलेलं असो. सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा स्वतःची ‘मोक’ किल्ली (स्वाक्षरीसाठीची, संगणकाच्या मालकाची किल्ली) नोंदवा. एकदाच करावं लागतं.

कर्नलवाले मुद्दाम छळत नाहीत. कर्नलच्या आतली, ड्रायव्हरांशी बोलणारी रचना कायम एकसारखी राहील असं वचन त्यांनी कधीच दिलेलं नाही. ते धोरण त्यांनी लिहूनही ठेवलं आहे. जो ड्रायव्हर कर्नलच्या झाडातच, म्हणजे त्याच्या मूळ कोडमध्येच, आहे, त्याची दुरुस्ती रचना बदलणाऱ्यालाच करावी लागते. बाहेर राहिलेल्याला दर वेळी मागून धावावं लागतं. तुमचा त्रास त्या धावण्यातून येतो.

नूव्होबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो लिहिणाऱ्या माणसांवर अन्याय होतो. त्यांच्या हाती चिपची कागदपत्रं नव्हती. बंदिस्त ड्रायव्हर चिपशी काय बोलतो ते टिपून, ताडून, त्यांनी ड्रायव्हर उभा केला. रात्री कुलूपबंद दारापलीकडून येणारे आवाज ऐकून घराचा नकाशा काढावा, तसं ते काम. त्यात २०१४ च्या सुमारास, जीटीएक्स ९०० मालिकेपासून, चिप फक्त एनव्हिडियाची स्वाक्षरी असलेलं फर्मवेअरच (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) स्वीकारू लागली. चिपच्या घड्याळाचा, म्हणजे तिच्या कामाचा, वेग वाढवायला जे फर्मवेअर लागतं ते नूव्होला मिळालं नाही, म्हणून कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवरच अडकून राहायचं. तुम्हाला जाणवणारा संथपणा बहुधा हाच. कोडच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमध्ये चालणारा भाग खुला केला. ट्युरिंग, म्हणजे आरटीएक्स २० आणि जीटीएक्स १६ मालिका, आणि त्यापुढच्या कार्डांसाठी तो आहे. या कार्डांवर वेगाचं नियंत्रण चिपमधल्याच जीएसपी नावाच्या प्रोसेसरवरच्या फर्मवेअरकडे असतं. ते फर्मवेअर आता नूव्होलाही वापरता येतं आणि त्याच्या जोडीला मेसामध्ये एनव्हीके हा व्हल्कन (थ्रीडी ग्राफिक्सची एक प्रणाली) ड्रायव्हर आला आहे. कार्ड ट्युरिंग किंवा नंतरचं असेल तर ताजं कर्नल आणि ताजं मेसा घेऊन नूव्होला पुन्हा संधी द्या. जीटीएक्स ९०० किंवा १० मालिका असेल तर बंदिस्त ड्रायव्हरवरच राहा आणि दीर्घकाळ टिकणारं एलटीएस कर्नल धरा. कर्नलच्या नव्या आवृत्त्यांवर उड्या घेणं थांबलं की तुमचा बराचसा त्रास थांबेल.

प्रश्न : पैसे भरून घेतलेली स्ट्रीमिंग सेवा लिनक्सच्या ब्राउझरमध्ये धूसर दिसते. ड्रायव्हर बदलू का?

उत्तर : नका बदलू, त्याने काही होणार नाही. अशा बहुतेक सेवा वाइडवाइन नावाच्या, नक्कल रोखणाऱ्या कुलपातून चित्र पाठवतात. त्याची सगळ्यात कडक पातळी, एल१, हार्डवेअरमधली सुरक्षित जागा मागते. डेस्कटॉप लिनक्सवरच्या ब्राउझरला सहसा सगळ्यात खालची पातळी, एल३, मिळते आणि एल३ ला किती स्पष्ट चित्र द्यायचं ते सेवाच ठरवते. तुम्ही पूर्ण पैसे भरता, म्हणून तक्रार त्या सेवेकडेच करा आणि त्यात ‘लिनक्स’ हा शब्द स्पष्ट लिहा. तोवर सिनेमा टीव्हीवर किंवा फोनवर बघा.