मामांचा २०१६ चा बीएस-३ ट्रक आहे. प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे तो विकून बीएस-६ घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मामांची दहा चाकी गाडी आहे, सातारा पासिंग, मामा स्वतःच चालवतात आणि कळंबोलीत जो भेटेल तो "आता या गाड्या बंद होणार" म्हणून घाबरवतोय. गाडी कुठल्या लाइनला चालते ते मात्र लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच येऊन अडतं. मीही एकगाडीवालाच. आधी बीएस-३ होती, आता बीएस-६ आहे (बीएस म्हणजे गाडीच्या धुराची सरकारी पातळी, आकडा मोठा तेवढा धूर कमी). कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल भरतो: तळोजा, भिवंडी, मुंबईतला दारूखाना, अधूनमधून चाकण. दोन्ही गाड्यांचं सुखदुःख माहीत आहे, म्हणून लिहितोय.

आधी अफवांचं बघू. १५ वर्षं झाली म्हणून आपल्याकडे खासगी मालकाची गाडी आपोआप भंगारात जात नाही. ती सक्ती सरकारी गाड्यांना आहे, एप्रिल २०२३ पासून. आपल्या गाडीचा निकाल पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला लागतो. आठ वर्षांनंतर पासिंग दर वर्षी करावं लागतं आणि पर्यावरण करही सुरू होतो. दहा चाकी मल्टीएक्सलमध्ये (दोनपेक्षा जास्त आसांच्या गाड्यांत) येते, तिला नॅशनल परमिट १५ वर्षांपर्यंत मिळतं. म्हणजे मामांकडे कागदोपत्री २०३१ पर्यंत वेळ आहे. त्यानंतर पासिंगची फीच अंगावर येते. २०२२ मध्ये १५ वर्षांवरच्या जड वाहनांना ती १२,५०० केली, आणि नोव्हेंबर २०२५ च्या वाढीत २० वर्षांवरच्यांना २५,००० झाली. पीयूसी कधीही संपू देऊ नका, त्याचा दंड १०,००० पर्यंत जातो.

"मुंबईत डिझेल बंद" हा मेसेज तुम्हालाही आला असेल. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून सरकारला खडसावलं आणि महानगर प्रदेशात फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्या ठेवता येतील का, हे बघायला सरकारने समिती नेमली. समिती नेमली म्हणजे बंदी आली असं होत नाही. पण जुन्या गाडीला गिऱ्हाईक बघायला गेलात की समोरचा हाच मेसेज दाखवून भाव पाडतो.

खरोखरची बंदी आहे दिल्लीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याआधीच्या मालगाड्यांना तिथे प्रवेश नाही. बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत दिली. मामा दिल्ली लाइनला असतील तर प्रश्नच मिटला, ते भाडं गेलं. पण ते नाशिक-पुणे-भिवंडीच करत असतील तरी झळ बसणारच, ती अशी: दहा-वीस गाड्या असलेला ट्रान्सपोर्टवाला नवी गाडी दिल्लीला लावतो आणि जुनी भिवंडीला फिरवतो. त्याचं काम एका फोनवर भागतं. दिल्लीतून हटलेल्या त्या जुन्या गाड्या आपल्याच लाइनवर येऊन उभ्या राहतात, दलालाकडे गाड्या जास्त आणि माल तेवढाच, की भाडं उतरलंच. आपल्याकडे अदलाबदल करायला दुसरी गाडीच नाही.

दुसरा फटका विक्रीचा. आपल्यासारख्याची जुनी गाडी म्हणजे त्याचा पीएफ. दहा-बारा वर्षं चालवायची, मग आडगावातल्या कुणाला तरी विकायची आणि त्या पैशावर पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट भरायचं, हीच सगळ्यांची पद्धत. मामांनी गाडी घेतली तेव्हा ती कायद्याने अगदी चोख होती. मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ ची विक्री थांबली, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-५ ला टांग मारून थेट बीएस-६ आलं. गाडी जागेवरच दोन पायऱ्या खाली गेली. धुराचं म्हणणं मला मान्य आहे, तो सगळ्यात आधी आमच्याच छातीत जातो. पण या दोन पायऱ्यांचे पैसे कुणी भरायचे, ते कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

आता बीएस-६. तिच्यात धूर साफ करायला वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी घालावं लागतं. लोक या युरियाला घाबरतात, ते उगाच. डिझेलच्या साधारण पाच टक्के युरिया लागतो, २० लिटरची बादली हजार-बाराशेला येते, आणि ॲव्हरेज थोडं सुधारतं त्यात तो खर्च बराचसा निघतो. फक्त बादली सीलबंद घ्या. ढाब्यावरचा सुटा युरिया एकदा घातला की सेन्सर बोंबलतो आणि गाडी पिकअप सोडते. खरी कटकट सायलेन्सरची. त्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि साठलेली काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. हायवेला तो आपोआप तापतो. कळंबोली ते तळोजा, मग तासभर रांग, मग शहरात जड गाड्यांना बंदीची वेळ म्हणून मानखुर्दला उभं राहायचं, यात तो कधी तापायचा? डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग मोकळी जागा शोधायची, खाली वाळकं गवत किंवा पुठ्ठा नाही हे बघायचं, बटण दाबायचं आणि अर्धा-पाऊण तास इंजिन घोंघावत ठेवायचं. तिकडे माथाडींची टोळी माल उतरवायला तयार आणि मुकादम फोनवर फोन करतोय. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर सायलेन्सर चोक. मग नाक्यावरच्या मेस्त्रीचा पाना काही कामाचा नाही, कंपनीच्या वर्कशॉपमध्येच स्कॅनर लावावा लागतो. गाडी तिथे उभी आणि हप्ता चालू.

हप्त्यावरून आठवलं. बॉडीसकट नवी दहा चाकी चाळीस लाखांच्या आसपास जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा खरा दिलासा. तरी ३५ लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला सत्तर-पंचाहत्तर हजार बसतात. परतीचं भाडं नक्की मिळणारी लांब लाइन असेल तरच हा आकडा निघतो. मामांची गाडी फिटलेली असेल आणि काम लोकल असेल, तर मी आज विकणार नाही. इंजिन चोख ठेवेन, पासिंग वेळेवर करेन आणि महिन्याला जमेल तेवढं पुढच्या गाडीसाठी बाजूला टाकेन. सीएनजीचा विचार लोकलला करता येईल, पण पंपावरची रांग आणि घाटात भरलेल्या गाडीची दमछाक मामांना चालेल का ते विचारा. न्हावा शेव्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलायचे ई-ट्रक आले, मात्र ते सध्या ताफा बाळगणाऱ्यांचं काम.

मधला मार्ग म्हणून बीएस-४ सेकंडहँड घ्यायला लोक सांगतील. घेऊ नका, तिच्यावर दार लोटायला आधीच सुरुवात झालीय. घ्यायचीच तर २०२० नंतरची बीएस-६ बघा, आणि बघताना सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काळं कुळकुळीत निघालं तर आधीच्या मालकाने तो काढून पाइप रिकामा केलाय असं समजा. युरियाच्या इंजेक्टरपाशी पांढरे खडे जमलेत का तेही बघा.

आणि कधी मोडीत काढायची वेळ आलीच, तर कुर्ल्याच्या भंगारवाल्याला रोख पैशावर देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरलाच द्या. तिथून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला मिळतो. केंद्राच्या नियमाप्रमाणे त्यावर नव्या मालगाडीच्या टॅक्समध्ये आठ वर्षं १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, आणि ई-ट्रकला केंद्राची जी ९.६ लाखांपर्यंत मदत आहे तिलाही हाच कागद लागतो. स्वतःला नको असेल तर तो विकताही येतो. आरसी रद्द झाल्याची नोंद स्वतः डोळ्यांनी बघून घ्या, नाहीतर तोडलेल्या गाडीच्या नंबरवर पुढची चलानं मामांच्याच नावाने येतील.