‘फिन’, ‘लॅप’ आणि ‘सामी’

विचारलेला प्रश्न असा आहे : नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या प्रदेशाला ‘फिनमार्क’ म्हणतात, तर तिथे पूर्वी फिनलंडचे लोक राहत होते काय? आणि आपण मराठीत ‘लॅप’ लिहावे की ‘सामी’?

पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. जुन्या नॉर्स भाषेत (म्हणजे मध्ययुगीन स्कँडिनेव्हियाच्या भाषेत) ‘फिन्न’ हा शब्द सामी लोकांसाठीच, म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियातील मूळ रहिवाशांसाठी, वापरला जाई. फिनिश बोलणाऱ्यांना नॉर्वेत ‘क्वेन’ म्हणत. ‘मार्क’ म्हणजे सीमेवरचे रान, आणि हाच घटक ‘डेन्मार्क’मध्येही आहे. तेव्हा ‘फिनमार्क’ म्हणजे सामींचे सीमारान, आणि तेही दक्षिणेकडून पाहणाऱ्या नॉर्स शेतकऱ्याच्या नजरेतून. आपल्याकडे ‘यवन’ हा शब्द आधी ग्रीकांसाठी होता आणि पुढे मुसलमानांसाठी वापरला गेला. परक्यांनी ठेवलेली नावे अशीच एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

या शेजाराचे सर्वांत बोलके वर्णन इ. स. ८९० च्या सुमाराचे आहे. उत्तर नॉर्वेतील हॉलोगालँडच्या ओट्टार नावाच्या नॉर्स सरदाराने दक्षिण इंग्लंडमधील वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड याला सांगितले की, सर्व नॉर्स लोकांत आपणच अगदी उत्तरेला राहतो आणि पलीकडच्या ओसाड मुलखात ‘फिन’ लोक हिवाळ्यात शिकार व उन्हाळ्यात मासेमारी करत तुरळक तळ टाकून असतात. त्याच्याकडे गाई, मेंढ्या आणि डुकरे प्रत्येकी फक्त २० होती, पण माणसाळलेले रेनडिअर ६०० होते, आणि त्याची मुख्य मिळकत होती ती सामींकडून येणारी खंडणी : कातडी, पक्ष्यांची पिसे, देवमाशाचे हाड, जहाजांचे दोर. उच्च कुळातील सामीला १५ मार्टेनची (मुंगसासारख्या, मऊ केसांच्या प्राण्याची) कातडी, ५ रेनडिअरची आणि एक अस्वलाचे कातडे द्यावे लागे. हा नुसता व्यापार होता असे मला वाटत नाही; दर ठरलेले असणे हे सत्तेचे लक्षण आहे.

शेजार मात्र ओट्टारपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि त्याचा पुरावा शब्दांतच आहे. उत्तर सामी भाषेत राजाला ‘गोनगस’ म्हणतात. तो आदि-नॉर्स (नॉर्सच्या आधीच्या रूपातील) ‘कुनिंगझ्’वरून आला असून त्यातला शेवटचा ‘झ्’ (सामीत ‘स’) नॉर्समध्ये व्हायकिंग काळाच्या आधीच बदलून गेला होता (तिथे ‘कोनुंग्र’ झाले), म्हणजे सामींनी हा शब्द त्याही पूर्वी घेतलेला असला पाहिजे. गाय (‘गुस्सा’, मराठी कानाला गंमत वाटते खरी) आणि शेळी यांची नावेही नॉर्सकडूनच गेली आहेत, पण रेनडिअरचे नाव त्यांचे स्वतःचे आहे. शेजाऱ्याकडून काय घेतले आणि आधीपासून जवळ काय होते, ते यावरून दिसते.

‘लॅप’ हा शब्द स्वीडन आणि फिनलंडच्या बाजूचा आहे. १२०० च्या सुमारास डॅनिश इतिहासकार साक्सो ग्रामॅटिकसच्या लॅटिन इतिहासात ‘लाप्पिया’ आढळते. सामी लोक ‘लॅप’ हा शब्द अवमानकारक मानतात, आणि स्वीडिशमध्ये ‘लॅप’ म्हणजे ठिगळ असाही अर्थ होत असल्याने तो अधिकच बोचतो. शाळेच्या भूगोलामुळे आपल्या ओठांवर तोच बसला आहे. तरी आता ‘सामी’ लिहावे, कारण ते त्यांनी स्वतःला दिलेले नाव आहे. पहिला स्वर दीर्घच ठेवावा, ‘समी’ करू नये. हिंदी ग्रंथांत ‘सामी’ हा शब्द सेमिटिक भाषांसाठी येतो, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी’ असे लिहिलेले बरे. प्रदेशासाठी त्यांचा शब्द ‘साप्मी’ आहे. ‘फिनमार्क’ मात्र नॉर्वेतील प्रशासकीय नाव असल्याने ते तसेच राहू द्यावे.