आई बोलते एक, फोन लिहितो भलतंच

प्रश्न : सर, माझी आई ६८ वर्षांची आहे, तासगाव तालुक्यात गावी असते आणि मी नोकरीसाठी सांगलीत. तिला टायपिंग जमत नाही म्हणून कीबोर्डवरचा माइक दाबून बोलायचं शिकवलं, आता रोज मेसेज येतात पण निम्मे उलगडतच नाहीत. "मी काल रानात गेलते" म्हणाली की "गेले ते" उमटतं, बेदाण्याचा दर सांगितला की आकडा चुकतो. आता ती म्हणायला लागलीय की माझंच बोलणं अशुद्ध. फोन नेमकं ऐकतो कसं, आणि आईने काय करावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी आईंना सांगा की त्यांचं बोलणं अजिबात अशुद्ध नाही, शिक्षण कमी पडलंय ते फोनचं. का ते सांगतो.

आपण बोलतो तेव्हा हवा हलते, माइक त्या हवेचा दाब मोजतो, सेकंदाला साधारण १६,००० वेळा. मग त्या आकड्यांचे बारीक तुकडे पाडतात, एकेक तुकडा सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा आणि ते एकमेकांवर थोडे चढलेले, आणि प्रत्येक तुकड्यात खालचे सूर किती, वरचे किती याचा हिशोब मांडतात. मिरजेत सतार बनवणाऱ्यांच्या दुकानात गेला असाल तर हे लगेच कळेल, तोच षड्ज सतारीवर छेडा नाहीतर तंबोऱ्यावर, डोळे मिटूनही फरक कळतो, कारण मूळ सुराबरोबर वरचे स्वर कमीजास्त वाजत असतात आणि जवारी काढणारा कारागीर तारांखालची घोडी घासून घासून तेच तर जुळवत असतो. आपलं तोंडही तसंच, गळ्यातून सूर तोच येतो पण जीभ नि ओठ हलले की वरचे स्वर बदलतात आणि 'आ'चा 'ई' होतो. मशीन तो फरक आकड्यात बघतं.

पण नुसत्या आवाजावर भागत नाही. 'पोती' आणि 'पोथी' घाईत बोललं की माणसालाही सारखंच ऐकू येतं. आपण कशावरून ठरवतो, तर आधी 'हळदीची' आलं म्हणजे पोती आणि 'देव्हाऱ्यातली' आलं म्हणजे पोथी. मशीनही हेच करतं, हजारो तासांचं बोलणं आणि त्याखाली लिहिलेला मजकूर दाखवून त्याला शिकवलेलं असतं, त्यावरून कुठल्या शब्दाच्या शेजारी काय येतं याचा ते अंदाज बांधतं. म्हणजे अर्थ कळून लिहिलं असं नाही, तो अंदाजच असतो, फार चांगला पण अंदाजच.

आणि इथेच आईंची अडचण आहे. शिकवायला वापरलेलं मराठी बरंचसं वाचून दाखवलेलं, पुस्तकी. 'गेले होते' त्याने लाखदा पाहिलंय, 'गेलते' क्वचित, मग ऐकलेला आवाज ते ओळखीच्या शब्दात कोंबतं. आपल्या सांगली-साताऱ्याकडचं गेलतो, आलतो, कवा, तवा हे सगळं याच कचाट्यात सापडतं. आईंनी पुस्तकी बोलायला शिकावं असं मला बिलकुल वाटत नाही, मशीनने त्यांच्याकडून शिकावं.

आकड्यांचं वेगळंच आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 'ऑड्री' नावाचं यंत्र बनलं, त्याला फक्त दहा अंक कळायचे आणि तेही ज्याच्या आवाजाला यंत्र जुळवलंय त्याने थांबत थांबत बोललं तर. मराठीत तर दहा अंकांवर भागत नाही, शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र शब्द, त्यात एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची सुरुवात एकच आणि शेजारच्या शब्दावरून काही ठरवताही येत नाही, कारण दर एकशे एकोणसाठ काय नि एकशे एकोणसत्तर काय, दोन्ही वाक्यं बरोबरच. म्हणून पैशाचा, तारखेचा मेसेज असेल तर आईंना सरळ आवाजाची क्लिपच पाठवायला सांगा. बाकी मेसेजला फोन तोंडाजवळ धरावा, पंख्याखाली किंवा वाऱ्यात बोलू नये आणि एकेक शब्द तोडून न बोलता पूर्ण वाक्य सलग बोलावं, आजूबाजूचे शब्द मिळाले की अंदाज सुधारतो.

अजून एक, मशीनला भारतीय भाषा शिकवण्याच्या भारत सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पात 'भाषादान' म्हणून सोय आहे, तिथे समोर आलेली मराठी वाक्यं मोठ्याने वाचून आपला आवाज देता येतो. सुट्टीत गावी गेलात की आईंना शेजारी बसवून करा. वाक्यं तयार असतात त्यामुळे त्यांचा उच्चार पोचेल, 'गेलते' पोचणार नाही, याची मला खंत वाटते, पण उच्चार पोचणंही थोडं नाही.

प्रश्न : मी मिरजेत एका दवाखान्यात रिपोर्ट टाइप करते. आता डॉक्टर माइकवर बोलतात आणि रिपोर्ट आपोआप तयार होतो. माझं काम राहील का? – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, खोटा धीर देत नाही, नुसतं टायपिंग कमी होणार. कोर्टातही हे आलंय, फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी चालू असताना वकिलांचं बोलणं लगेच स्क्रीनवर उमटत होतं, पण त्यानंतरही तो मजकूर तपासायला माणसं लागलीच. रिपोर्टचं तर त्याहून नाजूक, एक 'नाही' गळलं की गाठ नसलेल्या पेशंटला गाठ होते. मी एका हळद व्यापाऱ्याची मुलाखत अशीच मशीनकडून उतरवून घेतली होती, "यंदा माल अडवून ठेवला नाही" या वाक्यातलं 'नाही'च गायब, आणि मजकूर वाचताना कुठेही खटकत नव्हतं. टायपिंगची चूक डोळ्याला दिसते, मशीनची चूक शुद्धलेखनात बरोबर असते म्हणून दिसत नाही. तुम्हाला औषधांची सारखी वाटणारी नावं माहितीयत, डॉक्टरांची बोलायची ढब माहितीय, तेव्हा रेकॉर्डिंग ऐकून रिपोर्ट पडताळायचं काम स्वतःहून मागून घ्या, आणि कुठल्या शब्दाला मशीन नेहमी चुकतं त्याची वही ठेवा.

प्रश्न : कस्टमर केअरच्या कॉलवर मशीनला माझं नाव कधीच कळत नाही, फोनच्या माइकवर मात्र बरोबर उमटतं. असं का? आणि आपलं बोलणं कुठे जातं? – एक वाचक, कराड

उत्तर : साध्या कॉलच्या लाइनवरून आवाजाचा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच पट्टा जातो. 'स', 'श', 'फ' यांचा बराचसा आवाज त्याच्या वर असतो, तो कापला जातो, नावात 'स' असेल तर घोटाळा ठरलेलाच. अशा वेळी 'सातारचा स' असं सांगून बघा. बोलणं कुठे जातं म्हणाल तर काही अ‍ॅप ते इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतात, काही फोनमध्येच उरकतात. मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करून बोलून बघा, तरी अक्षरं उमटली तर तुमच्या फोनमध्ये आवाज आतच ओळखण्याची सोय आहे. पण नेट चालू केल्यावर आवाज बाहेर जातो का, ते सेटिंगमध्ये वेगळं तपासा.