तीस जणांच्या ऑफिसातल्या फाइल सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: नारायण पेठेत डीटीपी आणि छपाईपूर्व कामाचं ऑफिस, पंचवीस-तीस माणसं, सगळ्यांच्या फाइली एका विंडोज १० च्या पीसीवरच्या शेअर फोल्डरमध्ये. दिवाळी अंकांची घाई सुरू झाली की कुणाला ना कुणाला ते फोल्डर उघडतच नाही. आता वेगळा सर्व्हर करायचाय, तर 'सगळ्यात सुरक्षित' म्हणून ओपनबीएसडी घ्यावी, फ्रीबीएसडी घ्यावी (या दोन्ही युनिक्स घराण्यातल्या फुकट मिळणाऱ्या सिस्टिम) की लिनक्स? आणि घरचा जुना असेंबल्ड पीसी चालेल का?

आधी फोल्डर का उघडत नाही ते सांगतो. साधं विंडोज १० किंवा ११ एका वेळी जास्तीत जास्त २० मशीनना शेअरवर येऊ देतं. ही मर्यादा परवान्यातच आहे. एकविसावा आला की त्याला नकार मिळतो, मग कुणीतरी बाहेर पडलं की पुन्हा उघडतं. म्हणून तुम्हाला तो नेटवर्कचा दोष वाटत असणार. रॅम किंवा स्विच बदलून काही होणार नाही. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

माझं मत: डेबियन या लिनक्सची स्टेबल आवृत्ती, त्यावर सांबा (विंडोजच्या मशीनना शेअर फोल्डर देणारा प्रोग्राम), आणि डेटाच्या डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत. हे मी मनानं फ्रीबीएसडीवाला असूनही सांगतोय.

ओपनबीएसडीची ख्याती खोटी नाही. फायरवॉल करायचा असता तर मीच तिचं नाव घेतलं असतं. पण फाइल सर्व्हर म्हटलं की तुम्ही तिच्यावर सांबाच चालवणार, आणि तो बाहेरून आलेला प्रोग्राम. मूळ सिस्टिमची होते तेवढी कसून तपासणी अशा प्रोग्रामांची होत नाही. समोरच्या दाराला पोलाद लावायचं आणि वर्दळ मात्र मागच्या दारानं, असा तो प्रकार. मे २०१७ आठवा. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर) विंडोजच्या एसएमबीमधल्या, म्हणजे फाइल शेअर करायच्या यंत्रणेतल्या, भोकातून पसरला, आणि त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. त्याच मे महिन्यात सांबामध्येही मोठं भोक निघालं, ३.५ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये. शेअरवर लिहायची परवानगी असलेला माणूस आपली फाइल टाकून ती सर्व्हरकडून चालवून घेऊ शकत होता. दोन्ही वेळी वाचले ते वेळेवर अपडेट करणारे. दुसरं म्हणजे ओपनबीएसडीत झेडएफएस नाही आणि तिच्या फाइल सिस्टिमला जर्नलही, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवहीही, नाही. वीज अचानक गेली तर मोठी डिस्क तपासून होईपर्यंत सगळं ऑफिस हात बांधून बसतं. तिची प्रत्येक आवृत्ती साधारण वर्षभरच सांभाळली जाते, हेही तुमच्यासारख्या ऑफिसला झेपणारं नाही.

फ्रीबीएसडीत २००८ पासून झेडएफएस घरचंच आहे. अपडेट बिघडलं तर रीबूट करून कालच्या सिस्टिमवर परत जाता येतं, हे सुख वेगळंच. अडचण माणसांची आहे. तुमचा सिस्टिमवाला गावी गेलाय, रात्री दहाला सर्व्हर रुसला, तर हिंजवडी-खराडीत लिनक्स जाणणारा कुणीतरी फोनवर सापडतो. फ्रीबीएसडी जाणणारा शोधावा लागतो. तुमच्याकडे कायमचा असा माणूस असेल तर डोळे मिटून तीच घ्या.

उबुंटू एलटीएस (दीर्घ मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती) हे लिनक्सही चालेल. अल्मा किंवा रॉकी या लिनक्सलाही माझी हरकत नाही. पण त्याच घराण्यातल्या सेंटओएस ८ ची मुदत २०२९ ची होती आणि ती २०२१ अखेर गुंडाळली, तेव्हापासून एका कंपनीच्या मर्जीवर चालणाऱ्या गोष्टींपेक्षा मला डेबियन बरी वाटते. विंडोज सर्व्हर तुमचं काम करेल, फक्त सर्व्हरचा परवाना वेगळा आणि प्रत्येक वापरणाऱ्याचा वेगळा, तो हिशेब आधी मांडा.

डेबियन टाकताना सिस्टिमची डिस्क लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमवर ठेवा, झेडएफएस फक्त डेटाला. कारण डेबियनमध्ये झेडएफएसचं मॉड्यूल (जोडभाग) प्रत्येक नव्या कर्नलबरोबर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबरोबर, पुन्हा बांधलं जातं. कधी ते बांधणं फसलं तरी मशीन निदान उठतं आणि दुरुस्ती करता येते. सुरक्षेचे अपडेट आपोआप लागू द्या, रीबूट मात्र सुट्टीच्या दिवशी स्वतः करा.

आता मुख्य धोका. तुमच्यावर हल्ला झालाच तर तो बहुधा सर्व्हरवर होणार नाही. कुणीतरी मेलमधलं बनावट बिल उघडेल, त्याच्या पीसीवर रॅन्समवेअर येईल आणि तो पीसी शेअरवरच्या फाइली रीतसर परवानगीनं एकेक करून कुलूपबंद करेल. इथे ओपनबीएसडी असो की आणखी काही, सर्व्हर निमूटपणे हुकूम पाळेल. वाचवतात ते झेडएफएसचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी फाइली जशा होत्या तशा गोठवून ठेवलेल्या स्थिती. दर तासाला एक घ्या. ते फक्त वाचता येतात, शेअरवरून कुणाला पुसता येत नाहीत. सांबाचं शॅडो कॉपी मॉड्यूल लावलं की फाइलवर राइट क्लिक करून ऑपरेटर स्वतःच सकाळची प्रत परत काढतो. मुखपृष्ठावर चुकून जुनी फाइल सेव्ह झाली, हा तर तुमच्याकडचा रोजचाच विषय असेल. तरी स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. रोजची एक प्रत दुसऱ्या इमारतीत जायलाच हवी. आणि घरून काम करणाऱ्यांसाठी राउटरवर ४४५ पोर्ट (फाइल शेअरचं दार) कधीही उघडू नका, वायरगार्ड हे व्हीपीएन लावा.

मराठी ऑफिसांना हमखास नडणारी एक गोष्ट. लिनक्स आणि बीएसडीच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमांत फाइलचं नाव २५५ बाइट्सपर्यंतच चालतं, झेडएफएसच्या नेहमीच्या सेटिंगमध्येही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वारसुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे हाती उरतात ८५ चिन्हं. विंडोज तीच २५५ देतं. 'दिवाळी अंक मुखपृष्ठ अंतिम दुरुस्ती लेखकाने पाहिलेली नवीन खरोखर अंतिम' या थाटाच्या नावात आणखी तीन-चार शब्द गेले की ती फाइल नव्या सर्व्हरवर कॉपीच होणार नाही. डेटा हलवण्याआधी अशी लांब नावं शोधून छाटून घ्या, नाहीतर कॉपी मध्येच अडेल आणि खापर सर्व्हरवर फुटेल.

मॅक असतील तर सांबाचं मॅकसाठीचं 'फ्रूट' मॉड्यूल चालू करा. जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन एसएमबी१ (एसएमबीची जुनी, असुरक्षित आवृत्ती) मागत असेल तर त्याच्यासाठी सर्व्हरवर ते दार उघडू नका, स्कॅन मेलवर पाठवा.

जुना पीसी चालेल, वेगाची चिंता नको. डिस्क मात्र नव्या, सारख्या दोन घ्या आणि मिरर करा, म्हणजे तोच डेटा दोन्हींवर राहील. एसएमआर प्रकारची (माग एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क दुकानदारानं स्वस्तात दिली तरी घेऊ नका. एक बिघडून दुसरी बसवताना ती जीव काढते. डिस्का एकत्र जोडणारं रेड (RAID) कार्ड नको, झेडएफएसला डिस्क थेट दिसू द्या. जमलं तर ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी, रॅम. आणि गुरुवारी वीज जाते हे पुण्यात कुणाला सांगायला नको, तेव्हा यूपीएस यूएसबी केबलनं सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी उतरायला लागली की तो स्वतःच नीट बंद होईल.