अकराच माणसं आली, आणि बाबांना बरं वाटलं?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा 24 वर्षांचा, मेकॅनिकल झालाय, चाकणला कंपनीत होता, संध्याकाळी पुण्यात ओपन माइक (नवख्यांना काही मिनिटं मंच मिळतो तो कार्यक्रम) करायचा आणि आता नोकरी सोडून रूम पार्टनरसोबत सोलापूर, लातूर, नांदेड असे स्टँडअपचे शो करत फिरतोय. तुम्ही विचारलंय, त्याला एमपीएससीकडे वळवायचं कसं. पण मी अडकले ते तुमच्या दुसऱ्याच वाक्यावर. लातूरच्या शोला अकराच माणसं आली हे कळल्यावर "मनातून बरं वाटलं, आता तरी ताळ्यावर येईल" असं तुम्ही लिहिलंय.

अहो, हे बरं वाटणं त्याला दिसलं असणार ना. तुम्हीच पुढे लिहिताय की हल्ली पुढचा शो कुठे आहे ते तो सांगत नाही, आईला फोन करतो आणि तुमचा आवाज आला की ठेवून देतो. आपलं फसलेलं ऐकून बापाला हायसं वाटतं हे एकदा कळलं की मुलं फसलेलं सांगायचं बंद करतात, मग उधारी लपवतात, आजारपण लपवतात. माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची मुलं येतात त्यांच्यातही हेच बघते, प्रीलिम पुन्हा गेलेली असते आणि घरी सांगितलेलं असतं की मेन्सचा अभ्यास चालू आहे. मला तुमच्या मुलाच्या करिअरपेक्षा या फोन ठेवून देण्याची जास्त काळजी वाटते, आणि त्यात चूक तुमची आहे, स्पष्टच सांगते.

एमपीएससीचं म्हणाल तर खुल्या गटालाही 38 पर्यंत वय चालतं आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, मनाविरुद्ध बसलेल्या मुलाला ती झेपत नाही. त्याला न विचारता त्याच्या नावाने फॉर्म भरून टाकलात, हे अजिबात पटलं नाही.

आता तुमचा एक गैरसमज. तुम्हाला वाटतंय, पुण्यामुंबईत जमलं नाही म्हणून हे दोघं लहान शहरात फिरतायत. उलट लहान शहरातला शोच जास्त अवघड. पुण्यामुंबईत चार-पाच मिनिटांचा स्पॉट मिळतो, बिट (एका विषयावरचा विनोदी तुकडा) पडला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कॅफेत तोच बदलून करून बघता येतो, लाइन-अपमध्ये आणखी पाच-सहा जण असतात, त्यामुळे एकाचं पडलेलं दुसरा सावरतो. नांदेडला ही सोय कुठे? तिकीट काढून आलेल्या माणसाला तास-सव्वा तासाचा कार्यक्रम हवा, तो दोघांनीच भरायचा, म्हणजे प्रत्येकी अर्धा तास पक्कं मटेरियल पाहिजे, आणि सहा महिन्यांनी परत गेलात तर निम्मे चेहरे तेच असतात, त्यांना जुने पंच चालत नाहीत. आपल्याकडे एकपात्री करणाऱ्यांनी हे केलेलंच आहे. डॉ. लक्ष्मण देशपांडे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे आणि एकट्याने पन्नासच्या वर पात्रं उभी करत गावोगाव प्रयोग करायचे. अकरा माणसांसमोर तुमच्या मुलाने शो रद्द न करता पूर्ण केला हेही तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ते नापास झाल्यासारखं लिहिलंय, मी तसं वाचलेलं नाही.

पण त्याचंही कौतुक करत बसणार नाही. देशपांडे सरांना पगार होता, याने नोकरी घाईने सोडली असं माझं मत आहे, शनिवार-रविवारचे दौरे नोकरी सांभाळूनही झाले असते. हिशोब बघा ना, समजा 60 तिकिटं 199 ने गेली तर 11,940 होतात, त्यातून तिकीट साइटचं कमिशन, कॅफेवाल्याचा वाटा, दोघांचा प्रवास, लॉजची रूम, पोस्टर, रील बूस्ट केल्याचे पैसे गेले की दोघांत मिळून तीन-चार हजार उरले तरी खूप, आणि महिन्यात असे शो किती होणार. शिवाय सगळे पैसे मित्राच्या जीपेवर येतात असं तुम्ही लिहिलंय. मित्राच्या नादी लागला वगैरे मला पटत नाही, पण पैसे एकाच्याच फोनवर नकोत. वेगळं खातं काढा म्हणावं, प्रत्येक शोचा हिशोब त्याच रात्री लिहा, आणि एकट्याला कुठे बोलावणं आलं तर काय, दोघांनी मिळून लिहिलेला बिट कोण करणार, हे आत्ता मैत्री चांगली असतानाच कागदावर उतरवा.

एक भीती मात्र तुमची खरी आहे, पोलीस केसची. 1 जानेवारी 2021 ला इंदूरच्या कॅफेत स्टँडअप कॉमेडियन मुनव्वर फारुकीला धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून अटक झाली, सुप्रीम कोर्टाने अंतरिम जामीन दिला 5 फेब्रुवारीला. त्याच्यासोबत धरलेल्या स्थानिक मुलांना जामीन मिळायला आणखी वेळ लागला, त्यांची बातमीही फार झाली नाही. म्हणून कार्यक्रमाची परवानगी कोणी काढलीय हे आयोजकाकडून आधी लेखी घ्यायचं, शोचं पूर्ण रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेवायचं आणि त्या शहरातल्या एका वकिलाचा नंबर फोनमध्ये हवा. हे त्याला तुम्ही सांगा, ओरडून नाही, वडील म्हणून.

माझ्याकडे त्याला एकट्याला पाठवू नका. आधी तुम्ही आणि वहिनी या, त्या काय म्हणतात हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. नंतर ती दोन्ही मुलं येऊ देत, येताना आतापर्यंतच्या सगळ्या शोचा जमाखर्च घेऊन.